खोपोलीची लाइन आणि आमचे घरमालक

बदलापूरला विजेची गाडी माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आहे. त्यामुळे आमचे घरमालक बेलवलीतल्या आपल्या ओट्यावर बसून दर रविवारी संध्याकाळी "आपल्या लाइनचं विद्युतीकरण कुठवर आलं" ते सांगू लागले, की नवा माणूस गोंधळात पडे. मीही पडलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी त्यांच्या तळमजल्यावरची खोली नुकतीच भाड्याने घेतली होती आणि तो माझा तिथला पहिलाच रविवार होता.

"खांब पळसदरीच्या पुढे निघाले," ते म्हणाले. "पण खांब म्हणजे तार नव्हे."

ओट्यावर आणखी दोघे-तिघे होते. मी म्हणालो, "काका, इथे तर तार आहेच की. आत्ताच गाडी गेली."

"ती झालेली आहे. झालेल्या कामाबद्दल मी बोलत नाही."

शेजारी राहणारे पोस्टातले जोशी माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "खोपोलीचं चाललंय. कर्जतहून खोपोलीला डिझेलची शटल जाते ना, तिथे विजेची करतायत. यांचा काय संबंध ते विचारू नका. आम्हीपण विचारत नाही."

काका अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिथे ते मालाची तपासणी करत. प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका वेळी घोटलेल्या रंगाचा, नमुना त्यांच्या टेबलावर यायचा आणि मग त्या घाण्याच्या डब्यांवर सुतळीने एक कार्ड बांधलं जायचं. हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, पिवळं म्हणजे होल्ड. होल्डचा माल गोदामात तसाच पडून राहायचा, शंका फिटेपर्यंत. त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका माणसाने मला सांगितलं, की काकांच्या खणात लाल कार्डांचा गठ्ठा शेवटपर्यंत नवाकोरा होता. "लाल द्यायला मन घट्ट करावं लागतं," तो म्हणाला. "पिवळ्याला नुसती शंका पुरते. आणि शंकेला आमच्या साहेबांकडे कधी तोटा नव्हता."

निवृत्तीनंतर कार्डं गेली, पद्धत राहिली. घरात आणलेला नवा पंखा आवाज करतो की नाही हे ठरेना, म्हणून तो एक अख्खा उन्हाळा कोपऱ्यात बांबूला टांगून चालू ठेवला होता; छताला लावला नव्हता. मी खोली घेऊन बरेच महिने झाले तरी ते कुणाशीही माझी ओळख करून देताना म्हणत, "हे पत्रकार. सध्या होल्डवर आहेत." रंगाचा नमुना डब्याच्या वरून, मधून आणि तळातून घ्यायचा असतो. त्यामुळे लोणच्याची नवी बरणी उघडली, की ते लांब दांड्याचा डाव तळापर्यंत घालत. काकू म्हणायच्या, "अहो, वरचं खा नि गप्प बसा. सगळं लोणचं ढवळून टाकलंत." काका तळाची फोड चाखत आणि म्हणत, "वरचं नेहमीच चांगलं असतं. त्याला काय अर्थ आहे?"

मी तेव्हा एका साप्ताहिकात होतो. ते उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका छापखान्यातून निघे. छापखान्याचा खरा धंदा लग्नपत्रिका आणि बिलबुकं. पेपर हा शेठचा शौक. शेठ सिंधी होते, मराठी वाचत आणि हिंदीत रागवत. खोपोलीच्या कामाची बातमी माझ्याकडे आपोआप येत होती. काका दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी स्वतः तिकडे जाऊन काम बघून येत आणि संध्याकाळी ओट्यावर सांगत. ते मी छापत असे. काही आठवड्यांनी शेठनी मला काउंटरवर बोलावलं.

"अरे साईं, ये लाइन आगे जा रही है के पीछे?"

"पुढे जातेय, शेठ."

"पिछले टाइम तुमने लिखा, काम समाधानकारक. इस टाइम लिखते हो, कामाबद्दल शंका. उसके पहले लिखा था खांब उभे राहिले. आज लिखा, खांब उभे राहिले असं म्हणता येणार नाही. खंबा खड़ा है के नहीं है?"

"उभा आहे. पण ज्यांच्याकडून माहिती मिळते ते म्हणतात, की त्याच्या पायाचं काँक्रीट अजून पुरतं सुकलेलं नाही."

"तो सोर्स बदलो ना."

"दर पंधरा दिवसांनी खोपोलीला दुसरं कुणी जात नाही."

शेठनी बातमी माझ्या हातात परत दिली. "सच्ची बात है," ते म्हणाले. "दूसरा पागल किधर से लाएगा. जाओ, तुम भी देख के आओ उसके साथ."

म्हणून मी काकांबरोबर गेलो. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, खिशाला दोन पेनं लावली होती आणि डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट होतं. उन्हाला ते टोपीपेक्षा बरं, असं त्यांचं म्हणणं. कर्जतला गाडी बदलून आम्ही शटलमध्ये बसलो. वाटेत ते खिडकीतून प्रत्येक खांबाकडे बघत आणि ओठ हलवत. मला वाटलं मोजतायत. विचारलं तर म्हणाले, "मोजून काय उपयोग? कसे उभे आहेत ते बघतो."

खोपोलीला उतरल्यावर त्यांनी फलाटावरच्या एका बाकाकडे बोट केलं. "तुम्ही तिथे बसा. ती येईल. मी आलोच." कोण येईल ते त्यांनी सांगितलं नाही. फलाट संपतो तिथे खांबांच्या पायाचे खड्डे भरायचं काम चालू होतं. काका उतार उतरून तिकडे गेले. एक मुकादम आणि आठ-दहा माणसं होती. हेल्मेट बघून सगळे जरा सरळ उभे राहिले. काकांनी खडीच्या ढिगात हात घातला, मूठभर खडी उचलली, हुंगली, तळहातावर पसरली आणि म्हणाले, "होल्ड." मग हात झटकून परत आले.

तोपर्यंत बाकावर माझ्या शेजारी तिशीतली एक बाई येऊन बसली होती. तिच्याजवळ स्टीलचा डबा होता. "तुम्ही बाबांचे भाडेकरू ना? मी सुनंदा," ती म्हणाली. "आई सांगते तुमच्याबद्दल. अजून होल्डवरच आहात का?"

काका आले, डबा उघडला, बापलेकींनी आणि मी पोळी-भाजी खाल्ली. बोलणं फक्त कामाचं झालं.

"खडी चांगली नाही," काका म्हणाले.

"मग लांबेल?"

"लांबायला हवं. अशा खडीवर घाई बरी नाही."

"तुम्हाला बरंच आहे की मग."

"माझा प्रश्न नाही, सुनू. खडीचा प्रश्न आहे."

मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. मी विचारलं, "तुमचं घर इथून लांब आहे का?" ती म्हणाली, "ते काय, कौलांच्या मागे ती पिवळी इमारत. दुसऱ्या मजल्यावरची आमची गॅलरी इथून दिसते. दोरीवर साडी आहे बघा." मी बघितलं. साडी दिसत होती. काकांनी तिकडे मान वळवली नाही.

आम्ही परतीच्या शटलची वाट बघत होतो तेव्हा कामाची माणसं झाडाखाली बसलेली दिसली. मी जाऊन मुकादमाला विचारलं. तो लातूरकडचा होता.

"सायेबानी होल्ड म्हनलं की," तो म्हणाला. "आता वरून कोनी सांगंस्तोवर हात लावनार न्हाई बगा. मागल्या येळेला आसंच एक सायेब बोलून गेला, आमी ऐकलं न्हाई, तर भरलेलं समदं फोडायला लावलं."

मी परत येऊन काकांना म्हणालो, "त्यांना वाटलं तुम्ही रेल्वेचे साहेब आहात. सांगून येऊ का?"

"काय सांगणार? खडीत माती आहे हे खोटं आहे का?"

"पण तुम्ही काम थांबवलंत."

"मी माझं मत सांगितलं. अंमलबजावणी त्यांनी केली."

गाडीत मी विचारलं, "मुलगी इतकी जवळ राहते, मग तिच्या घरी का गेला नाहीत?"

"लाइन पूर्ण झालेली नाही."

"आणि तिच्या घरचा डबा चालतो?"

"तो नमुना आहे," काका म्हणाले. "नमुना घेतल्याशिवाय निर्णय कसा करणार?"

हे गांभीर्याने म्हटलं की गमतीने, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही. पुढेही कधी आलं नाही.

बाकीचं काकूंनी सांगितलं. ओट्यावर मेथी निवडत होत्या. काका फिरायला गेले होते. सुनंदाचा नवरा विलास हा त्याच कारखान्यात उत्पादन विभागात सुपरवायझर होता. अंबरनाथजवळच्या गावातल्या शेतकरी घरातला मुलगा, शिकून वर आलेला. काकांनी एकदा राखाडी रंगाचा एक घाणा होल्डवर ठेवला. छटा जराशी वेगळी वाटली म्हणून. महिनाअखेर होती, गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी होती. विलासने पिवळी कार्डं सोडली आणि माल गाडीत भरला. दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा गोदामाचा तो कोपरा मोकळा होता.

"मग गिऱ्हाइकाची तक्रार आली?" मी विचारलं.

"तेच तर! आली नाही. कधीच नाही. आली असती तर बरं झालं असतं हो, विषय संपला असता. हे वर्षानुवर्षं वाट बघत राहिले." काकूंनी काकांचा आवाज काढला. "तक्रार आली नाही म्हणजे माल बरोबर होता असं होत नाही. लोकांना तक्रार करायचा कंटाळा असतो."

पुढे काही वर्षांनी सुनंदाने घरी सांगितलं, की तिला विलासशी लग्न करायचं आहे. काकांनी जातीचं नाव काढलं नाही, पगार विचारला नाही. नाहीसुद्धा म्हणाले नाहीत.

"नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं," काकू म्हणाल्या. "हे आपले म्हणे, बघू. बघू म्हणता म्हणता पोरीने लग्न केलं. हेही आले लग्नाला. दाराशी उभे राहिले, जेवले, घरी आले. पण जावयाशी अजून बोलणं नाही. त्याचं नावसुद्धा घेत नाहीत. ‘प्रॉडक्शन’ म्हणतात. प्रॉडक्शनची तब्येत कशी आहे, प्रॉडक्शनला बोनस मिळाला का."

विलासला मग खोपोलीच्या एका कंपनीत नोकरी लागली. मंडळी निघाली त्या दिवशी बदलापूर स्टेशनवर सुनंदाने वडिलांना विचारलं, घरी कधी येणार. त्यावर काका काय म्हणाले, याची मी पुढे चौकशी केली. ती माझी कामाची सवय होती. मला तीन उत्तरं मिळाली.

काकूंच्या म्हणण्याप्रमाणे ते म्हणाले, "तिकडे विजेची गाडी जाईल तेव्हा बघू." त्या वेळी तसं काही कुणाच्या कानावरही नव्हतं. म्हणजे कधीच नाही.

सुनंदाच्या म्हणण्याप्रमाणे ते म्हणाले, "विजेची गाडी सुरू झाली की पहिल्या गाडीने येतो." हे काम व्हायचं आहे असं त्यांनी तेव्हा कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे लवकरच.

काकांच्या म्हणण्याप्रमाणे ते फक्त एवढंच म्हणाले, की डिझेलच्या शटलला वेळेचा भरवसा नसतो.

तिघंही एकाच फलाटावर, एकमेकांपासून हाताच्या अंतरावर उभी होती आणि तिघांचे कान उत्तम होते. सुनंदाने लगेच उलट म्हटलं होतं, "ठीक आहे. तुम्ही माझ्या घरी आल्याशिवाय मीही तुमच्या घरी पाय ठेवणार नाही." यावर मात्र तिघांचं एकमत होतं. तेव्हापासून बापलेकी खोपोलीच्या फलाटावर भेटत होती. फलाट कुणाचंच घर नव्हतं.

काम पुढे सरकत राहिलं आणि काका प्रत्येक टप्प्याला मागे रेटत राहिले. पाया भरला, तर पाया म्हणजे खांब नव्हे. खांब उभे राहिले, तर तार धरणारे आडवे हात कुठे आहेत. आडवे हात बसले, तर त्यांच्यावरचे वीज अडवणारे चिनीमातीचे लट्टू बघा कसे कळकट आहेत. जोश्यांनी एकदा विचारलं, "काका, समजा सगळं झालं, गाडीपण सुरू झाली. मग?"

"कर्जतला बदलावी लागली तर ती सुरू झाली म्हणता येणार नाही. बदलापूरला बसून खोपोलीला उतरता यायला पाहिजे."

"आणि तशी झाली तर?"

"मग बघू," ते म्हणाले.

मला तेव्हा खात्री वाटत होती, की त्यांना ही लाइन कधीच पुरी व्हायला नको आहे. पण मग ते उन्हातान्हात तिकडे जात कशाला, हे मला सांगता येत नव्हतं. जोश्यांचं मत नेमकं उलट होतं. त्यांच्या मते म्हाताऱ्याला एवढी घाई होती, की स्वतः देखरेख केल्याशिवाय राहवत नव्हतं. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं डोकं शिणवू नका. मी सगळा संसार केला या माणसाबरोबर, मला अजून कळलं नाही."

नव्वदीच्या दशकात काही वर्षं अशी गेली. मग एका दुपारी काकू खोपोलीहून एस.टी.ने परत आल्या. त्या महिन्यातून एकदा लेकीकडे जाऊन राहत. त्यांनी कसली अट घातलेली नव्हती. आल्या त्या चपला न काढता माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"विलासची बदली झाली. पुण्याला. महिनाभरात निघायचंय."

"काकांना सांगितलंत?"

"सांगते आता. तुम्ही जरा वर चला माझ्याबरोबर."

काका गॅलरीत पेपर वाचत होते. काकूंनी सांगितलं. काकांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली. "पुण्याला तर विजेची गाडी आहे," ते म्हणाले.

"आहेच मुळी. कधीची आहे," काकू म्हणाल्या.

"मग खोपोलीचं काय?"

"खोपोलीचं काय म्हणजे? तिथे आता आपलं कुणी नसणार. गाडी आली काय नि न आली काय. ते घर तुम्ही बघितलंच नाहीत, एवढं मात्र राहील. पोरीचा पहिला संसार तिथे झाला आणि बाप गॅलरीखालून परत जात राहिला. हे राहील."

काका पेपर घेऊन आत गेले. पण त्या रविवारचा अहवाल वेगळा निघाला. तार बरीचशी ओढून झाली होती. खोपोलीच्या फलाटावरही आली होती. तिच्यात वीज मात्र सोडलेली नव्हती.

"काय चाललंय काय!" काका ओट्यावर जवळजवळ ओरडले. "तार ओढून ठेवलीय आणि करंट सोडत नाहीत. कशाची वाट बघतायत?"

जोशी म्हणाले, "मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, घाई नको. तारेचा ताण नीट बघायला हवा म्हणालात."

"मागच्या खेपेला परिस्थिती वेगळी होती."

"तारेची?"

"जोशी, तुम्ही पोस्टाचं बघा."

पुढच्या रविवारी पाळी नसतानाही काका निघाले. मला म्हणाले, "चला, पत्रकार. तुमच्यासमोर विचारतो त्यांना." खोपोलीच्या अलीकडे तारेचं काम चालू होतं. रुळांवरच्या एका उघड्या डब्यावर शिडीचा उंच घोडा उभा करून माणसं वर काहीतरी आवळत होती. मुकादम तोच, लातूरचा. आम्ही फलाटावरून चालत तिकडे निघालो आणि त्याने लांबून पिवळं हेल्मेट बघितलं.

"थांबा रं!" तो ओरडला. "हात काढा. सायेब आलं."

वरची माणसं थांबली.

"अहो, थांबवू नका!" काका भरभर चालू लागले. "चालू ठेवा, चालू ठेवा!"

"न्हाई सायेब. आधी बगून घ्या. मागल्या टायमाला तुमी होल्ड केलं आनि ती खडी खरंच बदलून दिली ठेकेदारानं. आता तुमी बगितल्याबिगर न्हाई."

"मला काही बघायचं नाही. चालू करा."

"मंग पास म्हना."

काका उभे राहिले. मी त्यांच्या बाजूलाच होतो. त्यांनी खांबाकडे बघितलं, आडव्या हाताकडे बघितलं, तारेकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. "चालू करा म्हणतोय ना," ते म्हणाले.

"पास का?"

"तसंच समजा."

"समजू कसं, सायेब? तुमी सोत्ता म्हना. उद्या आमचंच गचुरं धरत्याल की."

वरची माणसं नट आवळायचे पाने हातात धरून खाली बघत होती. काकांनी हेल्मेट काढलं, घाम पुसला, परत घातलं.

"पास," ते म्हणाले. इतक्या हळू, की मुकादमाने कानाला हात लावून विचारलं, "काय?"

"पास! पास आहे!"

माणसं कामाला लागली. माझ्यासमोर त्यांनी तो शब्द उच्चारल्याचं मला तेवढंच एकदा आठवतं. मग त्यांनी मुकादमाला विचारलं, "आता करंट कधी सोडणार?"

"त्ये आमाला कुटं म्हाईत? आमचं काम निस्तं तारंपत्तोर. त्याच्या म्होरं मोटे सायेब येनार, तपासनार, मंग. चार म्हैने लागत्याल, सा लागत्याल." त्याने काकांकडे नीट बघितलं. "आन् तुमाला नसंल म्हाईत तर कोनाला म्हाईत, सायेब?"

काका परत फिरले. बाकावर सुनंदा डबा घेऊन बसली होती. त्या दिवशी कामाबद्दल कुणी बोललं नाही. त्यामुळे कुणीच काही बोललं नाही.

सामान न्यायचा टेम्पो सोमवारी सकाळी यायचा होता. आदल्या रविवारी काकूही निघाल्या, या खेपेला आमच्याबरोबर गाडीने. शेठना तयार तारेचा फोटो हवा होता, म्हणून मी होतोच. शटल खोपोलीला पोचली तेव्हा भर दुपार होती. सुनंदा बाकाजवळ उभी होती. हात रिकामे होते.

"डबा?" काका म्हणाले.

"आज डबा नाही, बाबा. भांडी बांधली सगळी. एका पातेल्यात खिचडी केलीय, ती घरी आहे."

काका बाकावर बसले. वर तार होती, स्वच्छ, ताणलेली, नवी. तिच्यावर एक कावळा बसला होता.

"अजून करंट नाही," काका म्हणाले.

"नाही," सुनंदा म्हणाली. "मी रोज बघते गॅलरीतून. कावळे बसतात."

मग काकूंनी पिशवी उचलली. "मला भूक लागलीय," त्या म्हणाल्या. "मी चालले. ज्यांना तारेखाली बसायचंय त्यांनी बसावं." आणि त्या चालू लागल्या. सुनंदा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, मग आईच्या मागे गेली. मी फोटो काढायचं निमित्त करून थांबलो.

"पत्रकार," काका म्हणाले, "तुम्ही जेवलात का?"

"नाही, काका."

"मग तुमची गैरसोय नको," असं म्हणून ते उठले.

जिन्यात त्यांनी दोनदा विचारलं, कितवा मजला. दार उघडं होतं. आत पलंग सोडून भिंतीला टेकवले होते, खुर्च्या एकात एक घालून बांधल्या होत्या आणि सगळीकडे खोकी होती. विलास गुडघ्यावर बसून एका खोक्याला दोरी आवळत होता. काकांना बघून तो उभा राहिला, पण दोरी सोडायची विसरला. खोकंही त्याच्याबरोबर उचललं गेलं.

"या," तो म्हणाला. "या ना. बसा." मग त्याने सभोवार बघितलं. बसायला काही नव्हतं.

काका बसले नाहीत. ते आतल्या खोलीत गेले, गॅलरीत गेले. तिथून त्यांनी खाली फलाटावरचा बाक बघितला असणार. स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला, बंद केला. भिंतीवर हात फिरवला. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत उभे राहून त्यांचे पाय कुठे जातात ते ऐकत होतो. शेवटी ते बाहेर आले.

"उत्तरेच्या भिंतीला ओल आहे," ते म्हणाले.

"हो," विलास म्हणाला. "पावसाळ्यात येते."

"मालकाला सांगितलं नाही?"

"सांगितलं. त्याने बघतो म्हटलं."

काकांनी हात झटकले. "पुण्याचं घर स्टेशनपासून किती लांब आहे?"

सुनंदाने आईकडे बघितलं. काकूंनी पिशवी खाली ठेवली. हा साधा प्रश्न आहे की नवी अट, ते मला कळलं नाही, आणि माझी खात्री आहे, की त्या खोलीत कुणालाच कळलं नाही. पुण्यात तेव्हा कुठली लाइन व्हायची राहिली होती का, हेही माझ्या मनात येऊन गेलं. विलासने दोरी खाली टाकली. तो अगदी सावकाश, एकेक शब्द तपासून बोलला.

"लांब आहे, बाबा. पण गाडीचं काही नाही. मी घ्यायला येईन. तुम्ही कधीही निघा, कशानेही या. मी येऊन उभा राहीन."

काकांनी त्याच्याकडे बघितलं. मग ते एका बांधलेल्या खोक्यावर बसले. खोकं करकरलं.

"खिचडी कशात वाढणार?" त्यांनी विचारलं. "भांडी बांधली ना?"

"ताटल्या आहेत," सुनंदा म्हणाली. तिने विलासकडे बघितलं. "कुठल्या खोक्यात?"

"या खोक्यात," विलास म्हणाला.

"त्यात पुस्तकं आहेत."

"मग त्यात. तुझ्या मागच्या."

"त्यात मी अंथरुणं भरलीत. तू ताटल्या भरल्यास ना?"

"मी? मी कपाटाचं भरलं."

विलासने एक गाठ सोडली, सुनंदाने दुसरी. त्यात ताटल्या नव्हत्या. काकूंनी तिसरं खोकं ओढलं आणि मी चौथं. चादरी, कपबशा, इस्त्री, देवांचे फोटो बाहेर यायला लागले. काका उठले, ते बसले होते ते खोकंही विलासने उघडलं आणि दोघं मिळून आत वाकून बघू लागले. टेम्पो सकाळी यायचा होता आणि त्या घरात आता बांधलेलं असं काहीच उरलं नव्हतं.